उणे उजेड आणि ध्रुवावरची लांब रात्र

स्वालबार्ड बेटांवरचं न्यू-ओलेसुंड हे नॉर्वेतलं संशोधकांचं गाव ७९ अंश उत्तरेला आहे. भारताचं ‘हिमाद्री’ केंद्रही २००८पासून तिथंच आहे. उन्हाळ्यात तिथं उजेड मोजणं त्यामानानं सोपं. एप्रिलच्या मध्यापासून चार महिने सूर्य मावळतच नाही, आकाशात गोल गोल फिरत राहतो. जुन्या ऊनमापकात काचेच्या गोळ्यातून एकवटलेलं ऊन पुठ्ठ्याच्या पट्टीवर जळकी रेघ ओढायचं. ध्रुवांजवळ मात्र असे दोन ऊनमापक पाठीला पाठ लावून ठेवावे लागत. उत्तरेकडून येणारं मध्यरात्रीचं ऊन एकट्याला कसं टिपता येणार?

खरी पंचाईत ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होते. तिथून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही. उजेड लक्स या एककात मोजतात. भर उन्हाचा उजेड लाखभर लक्स भरतो, तर पौर्णिमेचं चांदणं जेमतेम पाव लक्स. नुसत्या ताऱ्यांचा उजेड त्याहून शेकडो पटींनी कमी. उन्हासाठी बनवलेल्या उपकरणाला इतका मंद उजेड कळतच नाही. सौर ऊर्जा मोजणाऱ्या पायरॅनोमीटरची तर गंमतच होते. निरभ्र रात्री त्याचा काचेचा घुमट आकाशाकडे उष्णता सोडून गार पडतो आणि आकडा शून्याच्या खाली जातो. म्हणजे उणे उजेड!

यावर तोडगा म्हणून तिथं अख्खं आकाश एका चौकटीत घेणारा कॅमेरा बसवला आहे. अंधार वाढेल तसा तो प्रत्येक फोटोला जास्त वेळ घेतो आणि फोटोतल्या उजळपणावरून प्रकाशाचा हिशेब लागतो.

एवढा खटाटोप कशाला? लक्स हे माप माणसाच्या डोळ्यावर बेतलेलं आहे. आपल्याला जो मिट्ट काळोख वाटतो, त्यात समुद्रातल्या कोपेपॉड नावाच्या तांदळाएवढ्या जीवांना पुरेसं दिसतं. हिवाळ्यातला पूर्ण चंद्र तिथं काही दिवस मावळत नाही. तेव्हा हे प्राणिप्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे इवले प्राणी, शिकाऱ्यांच्या नजरेतून सुटायला सुमारे ५० मीटर खोल उतरतात, असं २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. त्या लांब रात्रीत एरवीही त्यांची वर-खाली ये-जा २४ तासांऐवजी चंद्राच्या २४.८ तासांच्या चक्रानं चालते.

आणि संशोधकांचं जहाज? त्याच्या नेहमीच्या दिव्यांनी २०० मीटर खोलपर्यंतचे मासे आणि प्लवक बिचकतात, असं २०२०मध्ये लक्षात आलं. म्हणजे दिवे लावून केलेल्या तिथल्या जीवगणनेवर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्नच आहे.