बारा सेकंदांत सहा हजार लिटर, आणि पंप एकही नाही

फेब्रुवारी संपत आला की ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरावरच्या गवताची कुसळे होतात, आणि एखाद्या रात्री वर्तकनगरातल्या आमच्या गच्चीवरून डोंगराच्या कुशीत वणव्याची एक नारिंगी रेघ हळूहळू सरकताना दिसते. यंदाही ती दिसली. तिचे फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर येऊन पडायला पाच मिनिटेही लागली नाहीत, आणि त्यापाठोपाठ एक जुना व्हिडिओ आला. त्यात पिवळ्या-तांबड्या रंगाचे एक विमान तलावावर उतरते, पाण्याला घासत तसेच पुढे जाते आणि न थांबता पुन्हा उडते. खाली शेजाऱ्यांचा प्रश्न होता : ‘हे विमान आणून उपवन तलावातून पाणी का उचलत नाहीत?’ प्रश्न चेष्टेत विचारलेला नव्हता, म्हणून त्याचे उत्तर गटावर दोन ओळींत देणे मला पटले नाही.

व्हिडिओतले विमान म्हणजे कॅनडात तयार झालेले सीएल-४१५. त्याचा थोरला भाऊ सीएल-२१५ पहिल्यांदा उडाला तो १९६७ मध्ये, आणि पंखांवर टर्बोप्रॉप इंजिने घेऊन हे धाकटे विमान १९९३ मध्ये आले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यांत हीच विमाने प्रशांत महासागराचे पाणी उचलून डोंगरउतारांवर टाकत होती. क्वेबेक प्रांताकडून भाड्याने आलेल्या त्यांपैकी एका विमानाच्या पंखाला कोणा हौशी माणसाच्या ड्रोनने भोक पाडले आणि ऐन गरजेच्या वेळी ते जमिनीवर बसवावे लागले, ही बातमी आपल्याकडेही पोहोचली होती. या विमानाच्या टाक्यांत ६,१३७ लिटर पाणी मावते. ठाण्यात उन्हाळ्यात सोसायट्यांच्या दारात उभा राहणारा मोठा टँकर दहा हजार लिटरचा असतो, त्यामुळे हा आकडा ऐकून कोणी दचकणार नाही. दचकावे ते भरण्याच्या वेळेने. टँकर भरायला लागणारा वेळ आपण सारे जाणतो; हे विमान भरते बारा सेकंदांत, आणि पाणी वर खेचणारा पंप त्यात नाही.

मग पाणी वर चढते कसे? याचे उत्तर १७३२ मध्ये पॅरिसच्या सीन नदीत आंरी पितो या अभियंत्याने बुडवलेल्या एका वाकड्या नळीत आहे, आणि तो प्रयोग कोणालाही करता येतो. गवंडी पातळी मोजायला वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप घ्यावी, तिचे एक टोक काटकोनात वळवून बांधावे, आणि पावसाळ्यात एखाद्या सुरक्षित, उथळ ओहोळात ते टोक प्रवाहाच्या तोंडाकडे धरून दुसरे टोक सरळ वर ठेवावे. नळीतले पाणी ओहोळाच्या पातळीपेक्षा वर चढलेले दिसते. वाहत्या पाण्याला नळीच्या तोंडाशी थांबावे लागते, आणि थांबताना त्याच्या गतीचे रूपांतर दाबात होते. तो दाब नळीतल्या पाण्याचा स्तंभ उचलून धरतो. शाळेत शिकलेले सूत्र इथे जसेच्या तसे लागू पडते : उंची म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरणाची दुप्पट. ओहोळ सेकंदाला दीड मीटर वेगाने वाहत असेल तर पाणी साडेअकरा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धी वीत चढते. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते, आणि सगळी गंमत त्या वर्गात आहे.

आता ओहोळ स्थिर ठेवून नळीच पळवली तर? भौतिकशास्त्राला दोहोंत फरक दिसत नाही. सीएल-४१५ पाण्यावर घासत जाते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे १३० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३६ मीटर असतो. त्याच्या पोटाखाली पुढे तोंड केलेल्या दोन लहान तोट्या असतात आणि वैमानिक त्या पाण्यात सोडतो. ३६ चा वर्ग १,२९६, त्याला १९.६ ने भागले की उत्तर येते ६६ मीटर. घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या इमारतींचा एक मजला तीन मीटरचा धरला, तर बाविसाव्या मजल्याच्या टाकीपर्यंत पाणी चढवण्याची ताकद त्या तोटीच्या तोंडाशी केवळ विमानाच्या वेगामुळे तयार होते. विमानाची टाकी मात्र पाण्यापासून फार तर दोन-तीन मीटर उंच असते. त्यामुळे पाणी धडाडून आत शिरते, आणि टाकी भरल्यावर जास्तीचे पाणी बाजूच्या भोकांतून बाहेर उसळते. व्हिडिओत विमानाच्या कुशीतून निघणारे पांढरे फवारे म्हणजे गळती, असे आमच्या गटावरच्या एकाने ठामपणे लिहिले होते. ती या सांडव्याची धार.

ही युक्ती विमानवाल्यांची नव्हे, रेल्वेवाल्यांची. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली ती १८५३ मध्ये; त्यानंतर सातच वर्षांनी, १८६० मध्ये, जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज अभियंत्याने उत्तर वेल्समध्ये रुळांच्या मधोमध पाण्याची लांबलचक उथळ पन्हळ बसवली. धावत्या इंजिनामागच्या डब्यातून एक वाकडी तोटी त्या पन्हळीत सोडली की गाडी न थांबवता पाणी भरता येई. वरचेच सूत्र लावले तर ताशी २४ किलोमीटर वेगाला पाणी सव्वादोन मीटरच्या थोडे वर चढते, आणि गाडीला तेवढे पुरते.

इथवर सगळे फुकटात झाल्यासारखे वाटते. फुकट काहीच नसते, आणि या यंत्राचा मला सर्वांत आवडणारा भाग या हिशेबात आहे. गणिताचा कंटाळा असलेल्यांनी पुढचे दोन परिच्छेद ओलांडले तरी माझी हरकत नाही.

तळ्यातले पाणी स्थिर असते. टाकीत शिरल्यावर ते विमानाबरोबर सेकंदाला ३६ मीटरने पळू लागते. त्याला हा वेग कोणी दिला? धावत्या लोकलमध्ये फलाटावरून कोणी उडी मारून चढला (चढू नये, हे वेगळे सांगायला नको) की त्याच्या शरीराला गाडीचा वेग गाडीच देते, आणि तेवढ्यापुरती ती किंचित मागे खेचली जाते. एकटा माणूस गाडीला जाणवत नाही. इथे मात्र सेकंदाला सुमारे ५११ किलो पाणी विमानात ‘चढत’ असते. ५११ गुणिले ३६ म्हणजे सुमारे १८,४०० न्यूटन. एखादी मोठी मोटार दोरीला बांधून कड्यावरून लोंबकळत सोडली तर दोरीला जेवढा ताण बसेल, साधारण तेवढ्या जोराने पाणी विमानाला मागे ओढते. ही ओढ विमानाच्या गुरुत्वमध्याच्या खाली, पोटापाशी बसत असल्याने नाक पाण्याकडे झुकू पाहते. वैमानिकाला एकाच वेळी इंजिनाचा जोर वाढवावा लागतो आणि नाकही सावरावे लागते, आणि त्याच बारा सेकंदांत विमान सहा टनांनी जड होत असते. रिकामे असताना ते १३ टनांच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे या बारा सेकंदांची किंमत कळते.

आता शक्तीचा हिशेब. बल गुणिले वेग केले तर इंजिनांकडून घेतली जाणारी शक्ती सुमारे ६६० किलोवॉट, म्हणजे जवळजवळ नऊशे अश्वशक्ती भरते. पण त्या पाण्याला प्रत्यक्ष मिळालेली गतिज ऊर्जा मोजावी तर ती याच्या बरोबर निम्मी निघते. उरलेली निम्मी कुठे जाते? विमानात बसून पाहणाऱ्याला पाणी सेकंदाला ३६ मीटरने आत येऊन टाकीच्या भिंतींवर आपटताना आणि घुसळून शांत होताना दिसेल. दोन वस्तू आदळून एकमेकींना चिकटल्या की ऊर्जेचा काही भाग उष्णतेत जातो, तसाच हा प्रकार. फिरत्या पट्ट्यावर वरून वाळू पडते तेव्हाही नेमकी निम्मी शक्ती अशीच खर्ची पडते, पट्टा कितीही हळू फिरवला तरी. म्हणजे टाकीतले पाणी तळ्यातल्या पाण्यापेक्षा गरम असले पाहिजे. किती? सुमारे एका अंशाचा सहावा भाग. मी हे गणित पहिल्यांदा केले तेव्हा दोनदा तपासले होते. हीच निम्मी शक्ती पंपाच्या भाषेत सांगायची तर ती साडेचारशे अश्वशक्ती होते. आमच्या सोसायटीचा पंप साडेसात अश्वशक्तीचा आहे. असे साठ पंप एकदम चालावेत तेवढे काम बोटभर विजेच्या तारेशिवाय होते, कारण त्याची किंमत पंख्यांना जोडलेली इंजिने परस्पर चुकवतात.

या गणिताचा एक अवांतर उपयोगही आहे. जळालेल्या जंगलात झाडाच्या शेंड्यावर पाणबुड्याचा पोशाख घातलेला मृतदेह सापडला, अग्निशमन विमानाने त्याला समुद्रातून पाण्याबरोबर उचलले होते, ही कथा कित्येक वर्षे जगभर फिरते आहे आणि त्या रात्री आमच्या गटावरही आली. सेकंदाला ५११ लिटर पाणी ३६ मीटर वेगाने आत यायला लागणारे क्षेत्रफळ दोन्ही तोट्या मिळून १४२ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एकेक तोटी पाणी प्यायच्या पेल्याच्या तोंडाएवढी. घर्षण धरून ती प्रत्यक्षात थोडी मोठी ठेवावी लागली, तरी तिच्यातून माणूस जात नाही. नारळही जाणार नाही. ‘फॉरवर्ड केले, खरे-खोटे माहीत नाही’ असे वर लिहिणाऱ्यांनी एक भागाकार केला असता तर पुरे होते.

एवढे पाणी वणव्यावर टाकले की वणवा विझतो का? बहुतेकांचा समज तसाच असतो, आणि व्हिडिओ बनवणारे तो पक्का करतात. तीस अंशांचे एक किलो पाणी उकळून त्याची पूर्ण वाफ होईपर्यंत सुमारे अडीच हजार किलोज्यूल उष्णता शोषते. एका खेपेचे सगळे पाणी असे वाफ झाले, एक थेंबही वाया गेला नाही, असे धरले तरी शोषलेली उष्णता साडेपंधरा अब्ज ज्यूल होते. सुके लाकूड जळताना किलोमागे सुमारे १८ दशलक्ष ज्यूल देते. म्हणजे विमानाची अख्खी खेप टनभर लाकडाच्या उष्णतेलाही पुरी पडत नाही. डोंगराच्या एका उतारावर किती टन लाकूड आणि गवत असते याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. म्हणून अनुभवी वैमानिक पेटलेल्या ढिगावर पाणी ओतत बसत नाहीत. ज्वाळांच्या पुढच्या कडेवर आणि तिच्यापुढच्या अजून न जळालेल्या गवतावर ते पाणी टाकतात. पाण्यात थोडा फेसद्रव मिसळला की पृष्ठताण कमी होऊन ते पानांवरून ओघळून न जाता चिकटून राहते. आगीला मिळालेली ही अडचण तात्पुरती असते, आणि तेवढ्या वेळात जमिनीवरची माणसे पोहोचून काम पुरे करतात. तळे दहा-बारा किलोमीटरवर असेल तर हे विमान तासाला आठ-नऊ खेपा करते. त्याचे महत्त्व या खेपांत आहे. नाहीतर मार्टिन मार्स नावाचे जुने लष्करी विमान एका खेपेला २७,००० लिटर नेत असे, आणि त्यातले शेवटचे २०२५ मध्ये संग्रहालयाकडे गेले.

आता मूळ प्रश्न. पंधरा मीटर उंचीवरून उतरून, पाणी भरून पुन्हा तेवढ्याच उंचीवर जायला सीएल-४१५ ला जवळजवळ १,३४० मीटर मोकळी लांबी लागते. त्यातले प्रत्यक्ष पाण्यावरचे अंतर ४१० मीटर, आणि खोली दोन मीटरच्या आसपास हवी. उपवन तलावाची लांबी काहीशे मीटर आहे, एका अंगाला डोंगर चढत जातो आणि दुसऱ्या अंगाला इमारती आहेत. मासुंदा तलावाच्या चारी बाजूंना तर अख्खे ठाणे शहर आहे. ठाण्याची खाडी लांब-रुंद आहे, पण ओहोटीला तिथे चिखल उघडा पडतो, वरून विजेच्या तारा जातात, ऐरोलीला आणि वाशीला पूल आहेत, आणि वणव्यांचे महिने नेमके फ्लेमिंगोंचे महिने आहेत. खाडीच्या त्या पट्ट्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला आहे. विमानाच्या पंख्यासमोर उडणारा हजार पक्ष्यांचा थवा कोणत्याही वैमानिकाला नको असतो. शिवाय खारे पाणी उचलले की दिवसाअखेर विमान गोड्या पाण्याने धुवावे लागते, नाहीतर धातू गंजतो. भातसासारखा मोठा जलाशय लांबीच्या दृष्टीने चालेल, पण तिथून येऊर बरेच दूर पडते.

आपल्या देशात यावर वापरला जाणारा उपाय हेलिकॉप्टरला टांगलेल्या बादलीचा आहे. एप्रिल २०२४ मध्ये नैनितालजवळ वणवे पेटले तेव्हा हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांनी भीमताल तलावातून अशा बादल्या भरून नेल्या होत्या. हेलिकॉप्टर जागच्या जागी तरंगू शकते, त्यामुळे त्याला लहान तळे चालते. उड्डाणाचा खर्च आणि फेरीचा वेळ हा त्यातला तोटा. उपवनाला तेवढे तरी शक्य आहे, असे मी शेजाऱ्यांना सांगितले. त्यांनी विचारले, ‘मग आत्ता तिथे कोण विझवते आहे?’

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला येऊरच्या फाटकापर्यंत गेलो तेव्हा उत्तर समोर होते. वनखात्याची माणसे रात्रभर पाठीवरचे ब्लोअर आणि ओल्या डहाळ्या घेऊन राबली होती. एकाच्या हातातली डहाळी टोकाला करपून काळी झाली होती. रस्त्यापासून वर चढत गेलेला राखेचा पट्टा एका ठिकाणी एकाएकी थांबला होता, कोणी फुटपट्टी लावून कापावा तसा. पलीकडे पिवळे गवत तसेच उभे होते. मधे तीन-चार मीटर रुंदीची उघडी माती होती : हिवाळ्यातच मुद्दाम जाळून साफ ठेवलेली जाळरेषा.