डोंगरातली हलकी रायफल: वजन काढायचं कुठून?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये लेथवरच्या माणसाला विचारा, दोन फुटी बारीक शाफ्ट दोन सेंटरांमध्ये धरून टर्निंग केलं तर काय होतं. तो सांगेल, मधे पोट येतं. टूलच्या दाबानं शाफ्ट मधे वाकतो, तिथं धातू कमी निघतो, चॅटर म्हणजे थरथर सुरू होते, आणि शेवटी मधे आधार देणारी स्टेडी लावावी लागते. बारीक आणि लांब पोलाद किती लवचीक असतं हे बेळगावच्या कारखान्यांत काम केलेल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. हलक्या रायफलीचा सगळा पेच याच गोष्टीत आहे. नळी म्हणजे मधून भोक असलेला लांब शाफ्टच, आणि तिच्यात एका क्षणासाठी चार हजार बारपर्यंत दाब उठतो.

आधी कायद्याचं स्पष्ट लिहिलेलं बरं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. खानापूर तालुक्यातल्या ऊस-भाताच्या शेतात रानडुकरं शिरतात हे खरं, पण परवान्याची बंदूक घरात असली तरी तिनं जनावर मारायचा हक्क आपोआप मिळत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं किंवा तिच्यात फेरफार करणं गुन्हा आहे. नळी आखूड करण्यासाठी तर त्यात स्वतंत्र कलम आहे. म्हणून इथं वर्णन आहे ते आल्प्स, न्यूझीलंड, अलास्का अशा ठिकाणी परवानाधारक बंदूककार जी रायफल जुळवतात तिचं. त्यामागचं पदार्थविज्ञान मात्र सगळीकडे एकच आहे, आणि ज्यांच्या घरात सैन्यातली माणसं आहेत किंवा जे रेंजवर नेमबाजी करतात त्यांना ते रोज भेटतं.

डोंगरात वजन का छळतं हे सांगायला नको. दिवसभरात हजार मीटर चढायचं, खांद्यावर पट्ट्यानं रायफल लटकलेली, आणि शेवटी धाप लागलेली असताना एकच नेम धरायचा. आल्प्समध्ये शॅमॉय या रानबकरीसारख्या प्राण्यासाठी एकबारी, मोडून उघडणाऱ्या हलक्या रायफली फार पूर्वीपासून वापरतात. कुमाऊँच्या डोंगरांत जिम कॉर्बेट यांच्याकडे १९०७ साली भेट मिळालेली पॉइंट २७५ बोअरची रिग्बी रायफल होती. हे काडतूस म्हणजे ७ मिलिमीटरचं माउझर. ते मोठं नाही, लाथही बेताची मारतं. हलकी रायफल करायची तर पहिला निर्णय काडतुसाचाच घ्यावा लागतो. बाकी सगळं त्याच्या मागून.

त्याचं कारण धक्क्याच्या हिशेबात आहे. या काडतुसात साधारण ९ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास वेगानं सुटते, आणि मागून जवळपास ३ ग्रॅम दारूचा वायू गोळीच्या पावणेदोन पट वेगानं बाहेर पडतो. दोन्हींचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) मिळून साडेअकरा किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद होतो, आणि तेवढाच संवेग रायफलीला उलट्या दिशेनं मिळतो. ऊर्जा काढताना संवेगाचा वर्ग करून दुप्पट वजनानं भागायचं. रायफल ४ किलोची असेल तर खांद्यावर येते १६-१७ ज्यूल. तीच २.७ किलोची असेल तर २५ ज्यूल. पॉइंट ३०८ काडतूस घेतलं तर हलक्या रायफलीत हा आकडा २९पर्यंत जातो. काडतूस तेच ठेवून वजन एक तृतीयांशानं कमी केलं की धक्का दीडपट होतो. वायूची दिशा वळवणारा ब्रेक सोडला (त्याबद्दल पुढं), तर यात कुठलीही युक्ती चालत नाही, कारण संवेग अक्षय असतो. ज्याला मोठ्या मॅग्नम काडतुसाची हौस आहे त्यानं हलक्या रायफलीचा नाद सोडावा, हे माझं स्पष्ट मत आहे. माणूस धक्क्याला घाबरायला लागला की चाप ओढण्याआधीच खांदा आखडतो, आणि मग कितीही नेमकी नळी असो, उपयोग नाही.

आता वजनाचा जमाखर्च. कारखान्यातून आलेली साधी बोल्ट रायफल दुर्बिणीसकट ३.९ किलोच्या आसपास भरते, असं धरू. ॲक्शन, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणारी यंत्रणा, तिच्या सरकत्या बोल्टसकट १ किलो, नळी सव्वा किलो, खांद्याला लावायचा अक्रोडाचा दस्ता साधारण १ किलो ५० ग्रॅम, दुर्बीण आणि रिंगा मिळून ६०० ग्रॅम. हिला २.७ किलोवर आणायचं तर १२०० ग्रॅम काढायचे. ते सगळीकडून सारखे काढले की रायफल बिघडते. जो भाग सगळ्यात कमी काम करतो तिथून आधी काढावं.

दस्ता हा तो भाग. कार्बन फायबरचा दस्ता ६०० ग्रॅममध्ये होतो, म्हणजे एका झटक्यात साडेचारशे ग्रॅम गेले, आणि रायफल उलट सुधारली. लाकूड पाणी पितं आणि रेषेच्या आडव्या दिशेनं फुगतं. श्रावणात खानापूर तालुक्यातल्या पावसाळी कणकुंबीला सागवानी दारही चौकटीत अडकतं. अक्रोडाचा दस्ता तसाच फुगून नळीला एका बाजूनं दाबायला लागतो, आणि कोरड्या दिवसांत जुळवलेला नेम पावसाळ्यात सरकतो. म्हणून नळी दस्त्याला न टेकता मोकळी असावी लागते. तपासायला शंभराची नोट घ्यावी, नळी आणि दस्त्याच्या मधे सरकवावी आणि ॲक्शनपर्यंत ओढत न्यावी. जिथं अडकेल तिथं लाकूड टेकलंय. फायबरला हा रोग नाही. मात्र स्वस्त, साच्यात ओतलेला पोकळ प्लास्टिकचा दस्ता घेऊ नये. पट्टा ताणला किंवा पुढून टेकवला की तो वाकतो आणि नळीला लागतो. वजन वाचतं, पण जो दोष काढायचा होता तोच परत येतो.

दुर्बिणीतून आणखी दोनशे ग्रॅम निघतात. डोंगरात तीनशे मीटरवर मारायला २५ पट मोठं दाखवणारी, ८०० ग्रॅमची दुर्बीण लागत नाही. ३५० ग्रॅमची साधी दुर्बीण आणि हलक्या ॲल्युमिनियमच्या रिंगा पुरतात. ध्यानात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे: डोळा आणि मागची काच यांच्यात ९ सेंटिमीटर तरी अंतर राहिलं पाहिजे. हलकी रायफल जोरात मागं येते, आणि चढावर वरच्या दिशेनं नेम धरताना डोकं आपोआप पुढं सरकतं. भुवईवर अर्धगोल जखम होते ती अशी.

नळीचं प्रकरण सगळ्यात रंजक. समजा ६० सेंटिमीटरची सरळ नळी, बाहेरून १६ मिलिमीटर, आतलं भोक ७.८ मिलिमीटर. (खरी नळी मागं जाड आणि पुढं निमुळती असते, पण हिशेबाला हे सोपं.) पोलादाची घनता ७.८५ धरली तर वजन होतं ७२० ग्रॅम. आता हलकं करायला दोन वाटा. पहिली, बाहेरून २ मिलिमीटर उतरवून १४ करा. वजन ५०० ग्रॅमवर येतं, २२० ग्रॅम वाचले. पण वाकण्याला विरोध हा व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, म्हणून ताठपणा ५६ टक्केच उरतो. दुसरी वाट, जाडी तशीच ठेवून लांबी ६०ची ५० करा. १२० ग्रॅमच वाचतात. पण टोकाचं वाकणं लांबीच्या तिसऱ्या घातावर चालतं, त्यामुळे नळी उलट पावणेदोन पट ताठ होते.

म्हणून आधी आखूड, मग बारीक, हाच क्रम. आखूड केल्याची किंमत म्हणजे १० सेंटिमीटरला गोळीचा वेग सेकंदाला २५ ते ३५ मीटरनं घटतो आणि तोंडाशी आवाज नि झोत वाढतो. तीनशे मीटरपर्यंत ही किंमत देण्यासारखी आहे. ५० सेंटिमीटरच्या खाली मात्र जाऊ नये. आणि चेंबरभोवतीच्या, म्हणजे काडतूस बसतं तिथल्या, जाडीला हात लावायचाच नाही. आपल्याकडच्या हायड्रॉलिक पंपांत दोनशे-अडीचशे बारला लोक जपून असतात. इथला दाब त्याच्या पंधरापट आहे, आणि तो चेहऱ्यापासून एका वितीवर असतो.

बारीक नळी तापतेही लवकर. एका गोळीला दारूतून ११ किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा निघते, त्यातला पाव हिस्सा नळीत मुरला असं धरलं तर ६०० ग्रॅमच्या नळीचं सरासरी तापमान एका गोळीला ९-१० अंशांनी चढतं. ओढून, ठोकून किंवा सरळ करून बनवलेल्या पोलादात आत ताण अडकलेले असतात. ऊब लागली की ते सुटतात आणि नळी केसभर वळते. चौथी-पाचवी गोळी एकाच दिशेला सरकत जाते ती यामुळे. उष्णता देऊन ताण काढलेली नळीच बंदूककार घेतात. कार्बन गुंडाळलेली नळी ताठ असते, पण ती साध्या बारीक पोलादी नळीपेक्षा हलकी असेलच असं नाही, आणि कार्बनला धरून ठेवणाऱ्या राळेतून उष्णता आडवी नीट वाहत नाही.

या सगळ्याचा धडा सैन्यानं आधीच घेतला होता. १९४४ साली ब्रिटिशांनी ली-एनफील्ड नंबर ४ ही सुमारे ४.१ किलोची रायफल हलकी करून नंबर ५ बनवली. नळी आखूड केली, ॲक्शनच्या बाजू आणि नळीचा मागचा भाग खरवडला, आणि वजन ३.२ किलोच्या आसपास आणलं. जंगल कार्बाइन म्हणून ती ओळखली जाते. पण तिचा नेम एका जागी टिकत नाही आणि ती खांदा फोडते, या दोन तक्रारी तिला कायमच्या चिकटल्या, आणि १९४७मध्ये उत्पादन थांबलं. तोंडाला बसवलेल्या शंकूनं ज्वाळा झाकली गेली, धक्का नाही.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतल्या मेल्विन फोर्ब्स यांचं. १९८०च्या दशकात त्यांनी जुनी ॲक्शन खरवडण्याऐवजी काडतुसाच्या मापाचीच लहान ॲक्शन नव्यानं आखली. तिचं वजन २० औंस, म्हणजे ५६७ ग्रॅम, म्हणून रायफलीचं नाव मॉडेल २०. केव्हलार आणि ग्रॅफाइटचा दस्ता इतका ताठ केला की नळी मोकळी न सोडता पूर्ण लांबीभर त्यात बसवता आली. नळीची थरथर दस्ताच शोषतो. नळी मोकळी सोडायची हा नियम खरा, पण तो वाकणाऱ्या दस्त्यासाठी आहे हे यावरून कळतं.

टायटॅनियमची ॲक्शन हा शेवटचा आणि सगळ्यात महागडा टप्पा. घनता पोलादाच्या ५७ टक्के, पण ताठपणाही जवळपास निम्माच, आणि लेप नसेल तर बोल्ट घासून धरतो. आधीचं सगळं झाल्यावर दोनशे ग्रॅम उरलेच तर तिकडे वळावं.

जुळणीत चूक होते ती बहुतेक स्क्रूंपाशी. ॲक्शन दस्त्यात बसते तिथं ॲल्युमिनियमची दोन छोटी नळकांडी बसवून त्यांच्याभोवती एपॉक्सी भरतात. भरण्याआधी ॲक्शनला मेण किंवा सुटं करणारा लेप लावायचा राहिला तर ती कायमची चिकटते. मुख्य स्क्रू ५ ते ७ न्यूटन-मीटर, दुर्बिणीच्या रिंगांचे २च्या आसपास, बनवणाऱ्याच्या आकड्यानुसार टॉर्क पान्यानं आवळतात. हातानं 'घट्ट झालं' म्हणणं इथं चालत नाही, कारण हलक्या रायफलीचा झटका तेच स्क्रू आधी सैल करतो. बसवणी बरोबर आहे का ते बघायला पुढचा स्क्रू सैल करताना नळी आणि दस्ता यांच्या फटीवर बोट ठेवावं. फट हलताना जाणवली तर ॲक्शन ताणात बसली आहे, एपॉक्सी पुन्हा भरावी लागेल.

चापाचं वजन, म्हणजे चाप ओढायला लागणारा जोर, तोही रायफलीच्या मानानं बघावा लागतो. अडीच-पावणेतीन किलोच्या रायफलीला दोन किलोचा चाप असेल तर बोट चापाऐवजी सगळी रायफलच ओढतं. एक ते सव्वा किलो ठीक. त्याहून हलका नको, गारठलेल्या बोटांना तो कळत नाही. दहा मीटर एअर रायफलीच्या स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंत वजन चालतं आणि खेळाडू ते वापरतात, कारण जड वस्तू नाडीच्या ठोक्यानं हलत नाही. हलक्या रायफलीत हा ठोका काचेत स्पष्ट दिसतो. म्हणून वजन काढताना पुढचा भाग थोडा जड राहू द्यावा.

नळीच्या तोंडाला ब्रेक, म्हणजे बाजूनं भोकं असलेलं टोपण, लावला तर धक्का बराच कमी होतो. पण त्याचे वायू बाजूला फेकले जातात, आणि कड्याशेजारी सोबत्याच्या कानांचं कायमचं नुकसान होतं. त्यापेक्षा मऊ रबराचा चांगला पॅड आणि लहान काडतूस बरं.

गोळी नळीत असतानाच रायफल मागं सरकायला लागते. २.७ किलोची रायफल गोळी बाहेर पडेपर्यंत पावणेदोन मिलिमीटर सरकते, चार किलोची सव्वा. या अर्ध्या मिलिमीटरमुळे धरण्याची पद्धत बदलते. पुढचा हात दस्त्यावर रोज सारखाच हवा, आणि दगडावर थेट टेकवायचं नाही, खाली पिशवी किंवा घोंगडी घालायची. नाहीतर ती उसळते आणि गोळी वर जाते. तीस अंशांच्या चढ-उतारावर तीनशे मीटरचं अंतर गोळीच्या पडण्यासाठी २६० मीटरच धरायचं.

चाचणीही वेगळी करावी लागते. एका बैठकीत दहा गोळ्या मारून तापलेल्या नळीच्या गोळ्या कागदावर किती जवळजवळ बसतात ते मोजण्यात अर्थ नाही. थंड नळीची पहिली गोळी कुठं बसते ते वेगवेगळ्या तीन-चार दिवशी, एकाच कागदावर, तारीख लिहून बघायचं. त्यातला एक दिवस पावसाचा असावा, आणि एका दिवशी आदल्या रात्री दस्ता काढून परत त्याच टॉर्कवर आवळलेला असावा.