सुचवलेलं पुस्तक हाती कसं यायचं: मराठी वाचनाच्या देवघेवीची पार्श्वभूमी

पुस्तक सुचवणं सोपं, अडतं ते प्रतीपाशी. ‘अमुक वाच’ म्हणणारा भेटला, तरी ते कुणाच्या कपाटात आहे, कपाट कधी उघडतं आणि घरी नेऊ देतात का, या तीन प्रश्नांनी मराठी वाचकांच्या दोनशे वर्षांच्या सवयी घडवल्या. शिफारशीचा इतिहास लिहायचा तर तो प्रतींच्या प्रवासाचाच लिहावा लागतो.

छापखाना येण्याआधी हा पेच वेगळ्या तऱ्हेने सुटत असे. पोथी एक आणि ऐकणारे पन्नास. श्रावणात किंवा चातुर्मासात देवळात, ओसरीवर पोथी लावायची. ‘हरिविजय’ की ‘पांडवप्रताप’ हे गावातली जाणती माणसं ठरवत. एक जण ओव्या वाची, दुसरा अर्थ सांगे. निवड, वाचन आणि चर्चा एकाच बैठकीत होई आणि अक्षरओळख नसलेल्यालाही त्यात जागा असे. प्रत उसनी देण्याची धास्ती मात्र तेव्हाही होती. हस्तलिखितांच्या शेवटी नकलनवीस एक संस्कृत श्लोक लिहीत: तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असं पुस्तक सांगतं. वाचनालयांची नियमावली याहून फार पुढे गेली असं वाटत नाही.

छापील पुस्तकांसाठी पहिली वाचनालयं उभी राहिली ती जिल्ह्याच्या ठिकाणी. रत्नागिरी १८२८, अहमदनगर १८३८, नाशिक १८४०, पुणे १८४८, कोल्हापूर १८५०. पुण्याच्या वाचनालयामागे लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख होते. ‘नेटिव जनरल लायब्ररी’ हे त्या काळातलं नाव बरंच सांगून जातं. साहेब अधिकाऱ्यांचा आश्रय, स्थानिक प्रतिष्ठितांच्या देणग्या, सभासदांत कारकून, शिक्षक, वकील. कपाटांत इंग्रजी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं जास्त. मुंबईत १८०४ साली निघालेल्या लिटररी सोसायटीत, म्हणजे आजच्या एशियाटिकमध्ये, भारतीय सभासदाला शिरकाव मिळायला १८४० उजाडलं. मराठी पुस्तकं मुळात थोडी होती, आणि जी होती त्यांतली बरीच शाळेसाठी नाहीतर भाषांतरित. अशा कपाटातून सुचवणार तरी काय?

फरक पडला तो फक्त मराठी ग्रंथ जमवायला वाहिलेल्या संस्थांमुळे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये निघालं. त्याच्या संस्थापकांतले वि. ल. भावे पुढे मराठी वाङ्मयाचे इतिहासकार म्हणून ओळखले गेले. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. चांगलं-वाईट न पाहता मराठीत छापलेलं सगळं जमवायचं, ही वृत्ती इथून आली. शं. ग. दाते यांच्या मराठी पुस्तकांच्या ग्रंथसूचीचा पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५० एवढा काळ व्यापतो. जुनं पुस्तक खरंच निघालं होतं की नुसती ऐकीव गोष्ट आहे, हे पाहायला ही सूची आजही पहिली जागा आहे.

दरम्यान मत छापून येऊ लागलं होतं. ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक १८६७ चं, चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ ची. ग्रंथपरीक्षणं लांबलचक असत, आणि तिखटही. पण वाचकाच्या खऱ्या उपयोगाचा प्रकार त्यांच्यापेक्षा कितीतरी आखूड होता: ‘साभार पोच’, म्हणजे मासिकाकडे आलेल्या पुस्तकांची नोंद. नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठं, किंमत, बस्स. मत नाही, शेरा नाही. पण पुस्तक मागवायला लागणारी सगळी माहिती त्या दीड ओळीत. परीक्षण वाचून हळहळणारा पुष्कळदा पुस्तकापर्यंत पोचत नसे, पोच वाचून पोस्टकार्ड टाकणारा पोचे.

वाचनालयातली शिफारस मात्र देवघेवीच्या टेबलावर चालायची, आणि हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण मराठी मध्यमवर्गाच्या आवडीनिवडी इथेच ठरल्या. बहुतेक ठिकाणी कपाटं बंद. वाचकाने छापील ग्रंथयादी चाळायची, हवे असलेले आठ-दहा क्रमांक चिठ्ठीवर उतरवायचे आणि चिठ्ठी आत द्यायची. आतला माणूस त्या क्रमाने शोधे आणि जे पहिलं सापडेल ते आणून देई. यादीत नाव आणि लेखक एवढंच. विषय कळायचा नाही, जाडी कळायची नाही. दोनदा नको ते पुस्तक हाती पडलं की वाचक शहाणा होई आणि चिठ्ठी बाजूला ठेवून विचारी, ‘तुम्हीच द्या काहीतरी चांगलं.’ टेबलामागच्या माणसाला मग घरोघरचं गणित पाठ होई: या काकूंना सामाजिक कादंबरी, त्या मास्तरांना चरित्र, रहस्यकथा जोशांच्या मुलाला. वाचनालयाचा सर्वांत जाणकार शिफारसकार अनेकदा सर्वांत कमी पगाराचा होता.

त्याच्या खालोखाल बोलकी गोष्ट म्हणजे शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी. शिक्क्यांनी भरलेली चिठ्ठी म्हणजे पुस्तक चालतं. दहा वर्षांत तीनच शिक्के म्हणजे एकतर रटाळ, नाहीतर आपल्याला हवं तेच. जाणते वाचक दोन शिक्क्यांमधलं अंतरही पाहत. सात दिवसांची मुदत असताना पुस्तक तीन दिवसांत परत आलं असेल, तर ते एका बैठकीत वाचलं गेलं किंवा वीस पानांवर सोडलं गेलं. दोन्हींतला फरक पानं सांगतात: अर्ध्यानंतरची पानं पांढरीशुभ्र आणि कडा अगदी सरळ असतील, तर लोक तिथवर पोचलेले नाहीत.

बांधणीने मात्र एक नुकसान केलं. टिकाऊपणासाठी वाचनालयं नवं पुस्तक घेतल्यावर वेष्टन काढून टाकत आणि कापडी किंवा रेक्झिनची बांधणी करत. त्याबरोबर मुखपृष्ठ गेलं, मलपृष्ठावरचा मजकूर गेला, लेखकाचा परिचय गेला. कपाटात सगळी पुस्तकं एकसारखी, पाठीवर पांढऱ्या शाईतला क्रमांक. मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक निवडायची मुभा, येऊनही अनेक ठिकाणी वाचक गोंधळून उभे राहत, त्याचं कारण हे. सोपा इलाज म्हणजे वेष्टनाचा मलपृष्ठाकडचा भाग कापून आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवायचा. पाच मिनिटांचं काम, पण ते करणारी वाचनालयं मोजकीच.

वाचकांनी स्वतःची व्यवस्थाही लावली होती. वाचनालयाचा शिक्का पहिल्या पानाखेरीज आत एका ठरलेल्या पानावर असतो, पहिलं पान फाडलं तरी मालकी कळावी म्हणून. तसंच रोज एक पुस्तक संपवणाऱ्या आज्या आपल्या ठरलेल्या पानावर पेन्सिलीचा बारीक ठिपका देत, तेच पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून. समासातले शेरे हा बेशिस्तीचा, पण वाचनीय प्रकार: ‘शेवट फसला’, ‘पान ८० पासून वाचा’. खुनी कोण ते पहिल्याच पानावर लिहून ठेवणारा महाभाग प्रत्येक गावात एक तरी असतोच.

सरकारी मदतीने प्रती वाढल्या. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या लाकडी पेट्या ही त्यातली पुढे बरीच उपयोगी पडलेली कल्पना. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला, महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यातून अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गानुसार अनुदान आलं, आणि अनुदानपात्र वाचनालयांची संख्या पुढे बारा हजारांच्या आसपास गेली. पण यात एक खोट राहिली. अनुदानाचा ठरावीक हिस्सा पुस्तकांवर खर्चावा लागतो, पैसे वर्षअखेरीस हातात येतात आणि मार्चच्या आत हिशेब पुरा करायचा असतो. मग विक्रेत्याचा तयार संच घेतला जातो. वाचकांची मागणी वही टेबलावरच पडून राहते. खरेदी ठरते जास्त सवलत आणि लवकर बिल देणाऱ्याच्या यादीने. ज्या वाचनालयांनी मागणी वहीतली नावं दर तिमाहीला वेगळी काढून आधीच मागणीपत्रक तयार ठेवलं, त्यांच्याकडे पुस्तकं वाचली गेली. बाकीच्यांकडे ती दाखलनोंद वहीत गेली आणि तिथेच राहिली.

मत आणि प्रत एकत्र आणण्याचे दोन ठळक प्रयत्न शहरांतून झाले. ‘ललित’ मासिक जानेवारी १९६४ मध्ये मॅजेस्टिक प्रकाशनाच्या केशवराव कोठावळे यांनी काढलं, फक्त पुस्तकांच्या जगाविषयी. त्यात येऊ घातलेल्या पुस्तकांची माहिती, किमतींसकट जाहिराती आणि लेखकमंडळींची टोपी उडवणारं ‘ठणठणपाळ’ हे सदर. ते जयवंत दळवी लिहीत. तालुक्याच्या गावातल्या वाचकाला मुंबई-पुण्यातल्या साहित्यिक गप्पा पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला मिळू लागल्या. दुसरा प्रयत्न ‘ग्रंथाली’चा, १९७० च्या दशकाच्या मध्यात सुरू झालेला. त्यांनी स्वतःला वाचक चळवळ म्हटलं आणि तसं वागून दाखवलं: सभासदाने पैसे आधी भरायचे, त्याला पुस्तक कमी किमतीत, आणि छापण्यापूर्वीच किती प्रती खपणार याचा अंदाज. पुस्तकांची प्रदर्शनं गावोगाव नेली. दया पवार यांचं ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०) याच वाटेने आले. मराठी पुस्तकाची नेहमीची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची असताना, नव्या लेखकाचं असं पुस्तक दूरवर पोचलं ते लेखणीच्या बळावर, पण त्याचबरोबर आगाऊ सभासदांच्या बळावरही. या दुसऱ्या भागाला इतिहासात फारसं श्रेय मिळत नाही.

दिवाळी अंकांची देवघेव हा खास आपला प्रकार. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. आता एकेका अंकाची किंमत शेकड्यांत असल्याने सोसायटीत किंवा कचेरीत वर्गणीचा फेरा चालतो. वीस घरं, प्रत्येकाने एक अंक घ्यायचा, चार दिवसांनी पुढच्या घरी द्यायचा. फेरा पुरा व्हायला ऐंशी दिवस. हे दोन ठिकाणी मोडतं. एक, सगळे तेच नावाजलेले चार अंक घेऊन येतात, म्हणून खरेदीआधी यादी वाटून घ्यावी. दोन, एक सावकाश वाचणारा साखळीत बसला की त्याच्या पुढचे उपाशी आणि त्याच्याकडे अंकांचा ढीग. अशा वेळी घराचा क्रम मजल्याप्रमाणे ठेवून वार ठरवणं, म्हणजे बुधवारी आणि रविवारी सगळे अंक एकदमच हलवणं, हाच उपाय चालतो. वाचून झालं नसेल तर अंक फेरा संपल्यावर परत मागता येतो.

पुस्तक भिशीचं गणितही असंच साधं: बारा जण, महिन्याला दोनशे रुपये, चिठ्ठी निघेल त्याला चोवीसशेची पुस्तकं. पैसे रोख दिले तर ते किराण्यात जातात, म्हणून दुकानाचं बिल पाहून द्यावेत. आणि घेतलेली पुस्तकं पुढच्या बैठकीत सगळ्यांनी हाताळावीत, नाहीतर भिशी राहते आणि पुस्तक उरत नाही.

फिरत्या पेटीचा नवा अवतार नाशिकचा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात २००९ पासून शंभर पुस्तकांची एकेक पेटी वाचकगटांकडे जाते, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलते. दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी मंडळींकडेही अशा पेट्या गेल्या. पेटी चालवताना यादी झाकणाच्या आत चिकटवलेली आणि दुसरी प्रत समन्वयकाकडे, हे पाळलं नाही तर अदलाबदलीच्या दिवशी वाद ठरलेला. हलकीफुलकी आणि प्रवासवर्णनं पहिल्या आठवड्यात उचलली जातात, कवितासंग्रह आणि वैचारिक पुस्तकं तळाशी बसतात. त्यांना वर आणायचं तर वाचलेल्या माणसाने बैठकीत एक पान मोठ्याने वाचावं. तेवढ्याने पुस्तक हलतं. साताऱ्यातलं भिलार हे ‘पुस्तकांचं गाव’ २०१७ चं, वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून सुचलेलं, सुरुवातीला घरांतून आणि इतर जागांतून मिळून पंचवीस ठिकाणी पुस्तकं मांडलेलं. मात्र तिथे बसून वाचायचं आहे. नियमित वाचकापेक्षा पर्यटकाला ते सोयीचं.

आता कुठल्याही शिफारशीनंतरचा पहिला प्रश्न असतो, ‘पीडीएफ आहे का?’ याला एक प्रामाणिक उत्तर आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक स्वामित्वमुक्त होतं, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली बरीच प्रकाशनं मोफत उतरवून घ्यायला ठेवली आहेत. स्वामित्व संपलेल्या जुन्या कादंबऱ्यांच्या मात्र अनेक आवृत्त्या बाजारात असतात आणि काही चक्क कापलेल्या. म्हणून सुचवताना प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठसंख्या सांगावी, अनुवाद असेल तर अनुवादकही. एकाच मूळ पुस्तकाचे दोन अनुवाद असले की त्यातला एक वाचवत नाही, असं हमखास होतं. आणि फिरत आलेली फाईल पाठवण्याआधी पहिलं, मधलं आणि शेवटचं पान उघडून पाहावं. जुन्या स्कॅनमध्ये सर्वाधिक गळतात ती जोडपानं, आणि गळाल्याचं कळतं ते प्रकरण अर्ध्यावर आल्यावर.