विचारांनी श्रीमंती: एका कल्पनेची दीडशे वर्षं

पुण्या-ठाण्यात, नाशिक-कोल्हापुरात हल्ली 'मॅनिफेस्टेशन'ची शिबिरं भरतात. 'माझ्याकडे पैसा सहज येतो' असं वहीत रोज ठरावीक वेळा लिहायचं, हव्या त्या गाडीचं आणि फ्लॅटचं चित्र भिंतीवर लावायचं, आणि पैसा आलाच आहे अशा भावनेनं दिवस काढायचा, असा साधारण पाठ असतो. शिकवणारे आधाराला दोन गोष्टी सांगतात. एक, हे आपलं प्राचीन ज्ञान आहे. दोन, हे विज्ञानानं सिद्ध झालेलं आहे. हजारो रुपये फी भरणाऱ्या माणसाला हे दावे तपासून घ्यायचा पूर्ण हक्क आहे, आणि त्यासाठी ही कल्पना कुठून निघाली आणि कुठल्या वळणांनी आपल्यापर्यंत पोहोचली ते पाहावं लागतं. आजचं तिचं रूप घडलं अमेरिकेत, आणि सुरुवातीला तिचा पैशाशी काही संबंध नव्हता. ती आजारी माणसांसाठी होती.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. तिथल्या बेलफास्ट गावात फिनियस क्विम्बी (1802–1866) नावाचा घड्याळजी राहत होता. 1830च्या दशकाच्या अखेरीस त्यानं संमोहनावरची व्याख्यानं ऐकली आणि स्वतः प्रयोग सुरू केले. ल्यूशियस बर्कमार या तरुणाला तो संमोहित करायचा. त्या अवस्थेत बर्कमार समोरच्या रोग्याचा आजार ओळखून औषध सांगायचा, आणि रोगी बरेही व्हायचे. पण क्विम्बीच्या लक्षात एक गोष्ट आली. महागडं औषध परवडत नाही म्हणून बर्कमारनं साधं, स्वस्त औषध सांगितलं, तरी गुण तोच येत होता. म्हणजे गुण औषधाचा नव्हता, रोग्याच्या विश्वासाचा होता. क्विम्बीनं मग संमोहन सोडून दिलं आणि 1859मध्ये पोर्टलंड शहरात बसून रोग्यांशी नुसतं बोलायला सुरुवात केली. त्या काळी डॉक्टर रक्त काढायचे, पारायुक्त औषधं द्यायचे. त्यापेक्षा शांतपणे ऐकून घेणारा माणूस अनेकांना खरोखर मानवला असणार. आज ज्याला प्लासिबो परिणाम म्हणतात, म्हणजे औषधानं नव्हे तर विश्वासानं येणारा गुण, त्याच्या अगदी जवळ हा घड्याळजी पोहोचला होता.

त्याच्या रोग्यांपैकी मेरी बेकर एडी यांनी पुढे ख्रिश्चन सायन्स हा पंथ काढला. त्यातून फुटून निघालेल्या एमा कर्टिस हॉपकिन्स यांनी 1886पासून शिकागोत वर्ग चालवले, आणि त्यांच्या शिष्यांनी देशभर मंडळं काढली. या सगळ्या प्रवाहाला पुढे 'न्यू थॉट' असं नाव पडलं. त्यात स्त्रिया मोठ्या संख्येनं होत्या, हे मुद्दाम नोंदवायला हवं. चर्चच्या व्यासपीठावर त्यांना जागा नव्हती, वैद्यकीत क्वचितच होती. इथे त्या शिकवू शकत होत्या, लिहू शकत होत्या आणि त्यावर पोट भरू शकत होत्या.

मन शरीर बरं करू शकतं, तर परिस्थिती का नाही? हा पुढचा प्रश्न विचारला गेला तो काळ पाहिला, की तो का विचारला गेला तेही कळतं. 1893मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली, बँका बुडाल्या, रेल्वे कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. एकीकडे रॉकफेलर-कार्नेगी या उद्योगपतींचे डोळे दिपवणारे ऐश्वर्य, दुसरीकडे शहरात नव्यानं आलेला पगारदार कारकून आणि फिरता विक्रेता, ज्याच्यामागे ना शेत ना भांडवल. त्याच्या हातात स्वतःचं म्हणावं असं मनच होतं. हेलन विल्मन्स या कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्याचं घर सोडून पत्रकार झालेल्या बाईंनी याच सुमाराला दारिद्र्यावर विजय मिळवण्याची शिकवण लिहून विकायला सुरुवात केली. पुढे टपालानं मानसिक उपचार विकल्याबद्दल टपाल खात्यानं त्यांच्यावर फसवणुकीचा ठपका ठेवला. मनोबलाचा टपाली धंदा आणि त्यावरची कारवाई, दोन्हीला शंभर वर्षं होऊन गेली आहेत.

या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं ते वॉलेस वॅटल्स यांच्यापाशी. 1860मध्ये जन्मलेला हा माणूस शेतमजुरी करून वाढला. त्याच्या मृत्यूनंतर मुलगी फ्लॉरेन्सनं लिहिलं, की वडिलांच्या आयुष्याला अनेक वर्षं दारिद्र्याचा आणि दारिद्र्याच्या भीतीचा शाप होता. 1896मध्ये शिकागोत त्यांनी जॉर्ज हेरन या ख्रिस्ती समाजवादी धर्मोपदेशकाला ऐकलं आणि ते समाजवादी झाले. 1908मध्ये इंडियाना राज्यातून त्यांनी समाजवादी पक्षाच्या तिकिटावर अमेरिकी काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, निवडणूक लढवली आणि ते हरले. 1910मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या होलियोक गावातून 'नॉटिलस' मासिक चालवणाऱ्या एलिझाबेथ टाउन यांनी त्यांचं श्रीमंत होण्याच्या शास्त्रावरचं छोटं पुस्तक छापलं. पुढच्याच वर्षी वॅटल्स वारले.

आज पैशाच्या आकर्षणाबद्दल जे जे सांगितलं जातं, त्यातलं बहुतेक या पुस्तकात आहे. हव्या त्या गोष्टीचं स्पष्ट चित्र मनात धरा, ती मिळालीच आहे असा विश्वास ठेवा, कृतज्ञ राहा. पण त्यात आणखीही काही आहे, जे पुढच्या लेखकांनी हळूहळू गाळलं. गिऱ्हाइकाकडून जेवढा पैसा घ्याल, त्याहून जास्त उपयोगाची वस्तू त्याला द्या, हा नियम वॅटल्स पुन्हा पुन्हा सांगतात. स्पर्धा करून दुसऱ्याच्या ताटातलं ओढू नका, नवं निर्माण करा, असं बजावतात. विचारानं वस्तू तुमच्याकडे येते, पण ती हातात पडते कृतीनं, असं म्हणून आजचं काम आजच आणि नीट करण्यावर ते प्रकरणं खर्च करतात. कामगारवर्गानं हा मार्ग धरला तर तोच मालक होईल, असंही त्यांनी लिहून ठेवलंय. त्यांच्या लेखी श्रीमंती म्हणजे गरिबाला पुस्तकं, प्रवास, विश्रांती आणि मुलांना शिक्षण मिळणं. एका दारिद्र्यानं पिचलेल्या माणसानं आपल्यासारख्यांसाठी ते पुस्तक लिहिलं होतं, आणि म्हणूनच मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

त्याच पुस्तकात एक धोकाही आहे आणि तो झाकून चालणार नाही. गरिबीबद्दल वाचू नका, बोलू नका, तिची कारणं शोधत बसू नका, नाहीतर मनात तेच चित्र ठसेल, असा त्यांचा सल्ला आहे. समाजवादी उमेदवारानं हे लिहावं याचं आश्चर्य वाटतं. या एका सल्ल्यातून पुढे अशी समजूत पक्की झाली, की जो गरीब आहे तो चुकीचा विचार करतो म्हणून गरीब आहे. मजुरीचा दर, दुष्काळ, कर्ज, जात, आजारपण हे सगळं हिशेबातून बाहेर गेलं.

आता 'प्राचीन ज्ञाना'कडे येऊ. वॅटल्स यांनी प्रस्तावनेतच म्हटलंय, की सगळं विश्व एकाच तत्त्वाचं आहे हा विचार मूळ हिंदू आहे आणि तो गेली दोनशे वर्षं पाश्चात्त्य मनात रुजत चालला आहे. म्हणजे भारताशी नातं आहे, ते खोटं नाही. 1894च्या उन्हाळ्यात स्वामी विवेकानंद मेन राज्यातल्याच ग्रीन एकर इथल्या शिबिरात राहिले होते. तिथे मनोबलानं उपचार करणाऱ्यांचा मोठा मेळा भरलेला होता, आणि पाइनच्या झाडाखाली बसून स्वामीजी त्यांना वेदान्त सांगत होते.

पण याच सुमाराला दुसरंही काही घडत होतं. शिकागोत विल्यम वॉकर अॅटकिन्सन नावाचा वकील होता. त्यानं 1906मध्ये विचारजगातल्या आकर्षणाच्या नियमावर पुस्तक लिहिलं, आणि 'लॉ ऑफ अट्रॅक्शन' हे शब्द लोकांच्या तोंडी बसले ते मुख्यतः त्याच्यामुळे. हाच गृहस्थ 'योगी रामचरक' या नावानं प्राणायाम आणि योगावरची पुस्तकंही लिहीत होता. ती पुस्तकं भारतात आली, छापली गेली, आणि कित्येक वाचकांनी ती एखाद्या भारतीय योग्याची म्हणून श्रद्धेनं वाचली. त्यामुळे 'हे तर आपलंच' म्हणताना त्यातलं आपलं किती आणि शिकागोचं किती, हे वेगळं करणं अवघड होऊन बसलंय.

आपल्या ग्रंथांत संकल्पाच्या सामर्थ्याचे उल्लेख आहेतच. मुंडकोपनिषदात म्हटलंय, की शुद्ध मनाचा माणूस ज्या लोकाचा, म्हणजे जगाचा, मनानं विचार करील आणि जी कामना धरील, ती त्याला मिळते. पण तिथे अट 'विशुद्धसत्त्व' असण्याची आहे, आणि सगळा रोख आत्मज्ञानाकडे आहे. आणि पैशाबद्दल मराठीत थेट बोललेत ते तुकोबा: 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी'. धन मिळवायला त्यांची ना नाही. ते कसं मिळवायचं आणि कुठल्या वृत्तीनं खर्चायचं, हे ते सांगतात. तिन्हीसांजेला वाईट बोलू नये, वास्तू 'तथास्तु' म्हणते, असं घरोघरी मुलांना सांगितलं जायचं, पण त्यात जिभेला आवर घालायची शिकवण होती. इच्छा धरून पैसा ओढून आणण्याचं तंत्र म्हणून ते कुणी सांगत नव्हतं.

अमेरिकेत पुढची मोठी लाट आली ती 1929नंतरच्या महामंदीत. कॅन्सस सिटीत पूर्वी जमिनीचे व्यवहार करणारे आणि पत्नीसह 'युनिटी' हा पंथ काढणारे चार्ल्स फिलमोर यांनी 1936मध्ये बायबलातलं तेविसावं स्तोत्र नव्यानं लिहिलं. मुळात 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' असं आहे. फिलमोर यांनी लिहिलं, परमेश्वर माझा बँकर आहे, माझी पत चांगली आहे. बँकांच्या दारात लोक हवालदिल होऊन उभे राहिलेले दिवस नुकतेच सरले होते, हे लक्षात घेतलं की या ओळीतली व्याकुळता जाणवते.

1937मध्ये नेपोलियन हिल यांचं विचार करून श्रीमंत होण्यावरचं पुस्तक आलं. कार्नेगींनी 1908मध्ये भेट देऊन आपल्याला यशाची सूत्रं शोधायला सांगितलं, असा हिल यांचा दावा होता. तो त्यांनी विस्तारानं मांडला कार्नेगी वारल्यावर, आणि कार्नेगींचे चरित्रकार डेव्हिड नासॉ यांना अशा भेटीचा पुरावा सापडला नाही. 1952मध्ये न्यूयॉर्कचे पाद्री नॉर्मन व्हिन्सेंट पील यांनी 'पॉझिटिव्ह थिंकिंग' हे शब्द घराघरांत नेले, आणि 1963मध्ये जोसेफ मर्फी यांनी सुप्त मनाची भाषा आणली, जी मराठी वाचकाला सगळ्यात ओळखीची आहे.

2004च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातल्या टीव्ही निर्मात्या राँडा बर्न यांच्या मुलीनं आईला वॅटल्स यांचं पुस्तक दिलं. त्यातून 2006चा 'द सीक्रेट' हा चित्रपट आणि मग पुस्तक झालं. चित्रपटात एक बाई दुकानाच्या काचेतून हार पाहते, तो गळ्यात असल्याची भावना करते, आणि पुढच्याच दृश्यात हार तिच्या गळ्यात असतो. तिनं मध्ये काय केलं, कुठे काम केलं, पैसे कसे साठवले, काही नाही. वॅटल्स यांनी ज्यावर प्रकरणं लिहिली तो सगळा मधला भाग इथे कापला गेला. दोन वर्षांत अमेरिकेतली घरकर्जाची व्यवस्था कोसळली, आणि अमेरिकी लेखिका बार्बरा एरनराइश यांनी 2009मध्ये दाखवून दिलं, की कंपन्यांमधल्या सक्तीच्या आशावादानं धोक्याची सूचना देणाऱ्यांची तोंडं कशी बंद केली होती.

महाराष्ट्रात ही परंपरा केवळ भाषांतरांतून आली नाही. जीवनविद्या मिशनचे वामनराव पै (निधन 2012) 1950च्या दशकापासून मुंबईत विचार आणि अंतर्मन या विषयांवर बोलत होते. 'तूच आहेस तुझ्या जीवनाचा शिल्पकार' हे त्यांचं वाक्य रिक्षांच्या मागेही वाचायला मिळतं. त्यांच्या विश्वप्रार्थनेत ईश्वराकडे 'ऐश्वर्या'ची मागणी आहे, पण ती 'सर्वांना' अशी आहे. गिरणगावातल्या, चाळीतल्या श्रोत्याला संसारात राहून, नोकरी नीट करून बरं जगता येईल असा धीर त्यातून मिळाला. 1991नंतर पगार, कर्ज आणि अपेक्षा एकदमच वाढल्या, आणि मग साखळी विक्रीच्या बैठकांमधून तोच धीर 'सर्वांना' हा शब्द वगळून विकला जाऊ लागला. तिथे माल खपला नाही तर दोष योजनेचा नसतो, तुमच्या 'निगेटिव्ह' विचारांचा असतो. नातेवाइकांकडून पैसे गोळा करून बसलेल्या माणसाला हे ऐकवणं क्रूर आहे.

राहिला विज्ञानाचा दावा. गॅब्रिएले ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी या विषयाला अनेक दशकं दिली. 2002मध्ये डोरिस मायर यांच्यासोबत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना नोकरीबद्दल काय काय मनात येतं ते विचारलं आणि दोन वर्षांनी पुन्हा गाठलं. छान नोकरीची गोड स्वप्नं जास्त रंगवणाऱ्यांनी अर्ज कमी केले होते, त्यांना नोकऱ्यांचे प्रस्ताव कमी आले होते आणि पगारही कमी होता. मात्र आपल्याला नोकरी मिळेल अशी अपेक्षा जे बाळगून होते, त्यांचं बरं चाललं होतं. ही अपेक्षा आपल्या आजवरच्या अनुभवावर उभी असते, स्वप्नाला तशी काही गरज नसते. 2011च्या प्रयोगांत असं दिसलं, की गोड स्वप्नात रमल्यावर अंगातला जोर उतरतो, रक्तदाबाच्या मोजमापातही ते येतं. 2023मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी एक हजाराहून अधिक लोकांना मॅनिफेस्टेशनवरचा विश्वास विचारला. ज्यांचा विश्वास जास्त, ते स्वतःला अधिक यशस्वी समजत होते. जोखमीच्या गुंतवणुकीकडे त्यांचा ओढाही जास्त होता, आणि पूर्वी दिवाळखोरीतून गेलेले त्यांच्यात जास्त होते.

ओटिंगेन यांनी इच्छा सोडून द्या असं कुठेही म्हटलेलं नाही. हवं ते चित्र आधी डोळ्यांपुढे आणा आणि लगेच आपल्याच आतला अडथळा कोणता तो पाहा, ही त्यांची पद्धत आहे. असं करणाऱ्यांपैकी ज्यांचं उद्दिष्ट आवाक्यातलं असतं ते जास्त जोमानं कामाला लागतात, आणि ज्यांचं नसतं ते ते सोडून दुसरं काही धरतात, असं त्यांना पुन्हा पुन्हा आढळलं.