काळी रेघ, पांढरी रेघ आणि कळलावीचा लिनो

फुलाची बाह्यरेषा पेन्सिलीने लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर, उतरवायची, तीच रेषा व्ही टूलने (व्ही आकाराच्या टोकाच्या हत्याराने) कोरायची, शाई फिरवून छाप घ्यायची आणि त्याला 'व्हाइट लाइन' म्हणायचं. पुण्यात हौसेने लिनोकट करणाऱ्यांत हा प्रकार इतका रुळलाय की नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगितलं जातं. पण ही पांढरी रेघ नाही. हे काळ्या रेघेचंच चित्र आहे, फोटोच्या निगेटिव्हसारखं उलटं झालेलं.

काळी रेघ तुम्हाला माहीत आहे. पेनाने काढलेल्या चित्रासारखी रेघ कागदावर काळी यावी म्हणून ती उभी ठेवायची आणि दोन्ही अंगांचा लिनो काढून टाकायचा. रेघेच्या कडा उतरत्या ठेवा, पायथ्याशी रुंद. आतून पोखरली गेलेली बारीक रेघ छापताना तुटते. फळाचा आडवा छेद किंवा बियांची मांडणी, म्हणजे वनस्पती ओळखायला लागणारी माहिती दाखवायची असेल तर काळीच रेघ घ्यावी. तिच्याबद्दल एवढं पुरे.

पांढऱ्या रेघेत हत्यार उजेड काढतं. न कोरलेला लिनो म्हणजे अंधार. त्यात तुम्ही जिथे हात लावाल तिथेच उजेड येणार. त्यामुळे फुलाची कड कुठे आहे हे आधी शोधायचंच नसतं, फुलावर उजेड कुठे पडलाय ते पाहायचं असतं. कड आपोआप तयार होते: उजळ पाकळीचे फटकारे जिथे थांबतात आणि मागचा काळा सुरू होतो, तिथे. वेगळी बाह्यरेषा कोरली की फूल तारेच्या सांगाड्यासारखं पोकळ दिसायला लागतं, कारण आतही काळं आणि बाहेरही काळं. टॉमस ब्यूइक (१७५३–१८२८) या इंग्रज कोरक्याने लाकडाच्या आडव्या छेदावर पक्षी कोरले, त्यातली पिसं अशीच उजेडाच्या फटकाऱ्यांनी उभी राहतात. लिनोलियम त्यानंतरचं, १८६० च्या दशकातलं. पण रीत तीच चालते.

आता कळलावीची वेल घ्या. पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर कुंपणांतून, झुडपांतून वर चढलेली दिसते. माझ्या मते सह्याद्रीतलं हे पांढऱ्या रेघेसाठी सर्वांत योग्य फूल आहे, आणि त्याचं कारण तिच्या रंगात आहे. पूर्ण उमललेल्या फुलात सहाही पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात. त्यांचा बुडखा आणि नागमोडी कडा पिवळ्या, वरचा भाग लाल. काळ्या-पांढऱ्यात पिवळा उजळ ठरतो, लाल गडद. म्हणजे कुठे कोरायचं आणि कुठे हात आवरायचा, हे फुलानेच ठरवून दिलंय. फटकारा बुडख्याशी सुरू करायचा, थोडा दाब द्यायचा आणि लालाकडे जाताना हत्यार हळूहळू उचलत न्यायचं, की रेघ निमुळती होत काळ्यात विरते. कडेच्या लाटांवर मात्र छोटे, तुटक फटकारे. लाट जिथे पुढे येते तिथे रुंद, मागे वळते तिथे काहीच नाही. या न कोरलेल्या जागांमुळेच पाकळी वळलेली दिसते, आणि नेमक्या त्याच जागा लोक घाईघाईने भरून टाकतात.

पानांच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. कळलावी एकदल आहे, पानाच्या शिरा समांतर, लांबीच्या दिशेने जातात. तरी सवयीने जास्वंदीच्या पानासारखं शिरांचं जाळं काढलेलं दिसतं. ते चुकीचं तर आहेच, शिवाय सोपं काम अवघड करून ठेवणारं आहे. पांढऱ्या रेघेत देठापासून टोकापर्यंत चार-पाच लांब फटकारे ओढले की पान होतं. टोकाचा वळलेला तणावा, ज्याच्या आधाराने वेल चढते, तो एकाच सलग फटकाऱ्यात काढा. इथे हत्याराऐवजी लिनो फिरवा, वळण तुटत नाही. काळ्या रेघेत याच तणाव्यासाठी केसाएवढी भिंत उभी ठेवत बसावं लागतं.

सवय मोडायचा एक खात्रीचा उपाय आहे. कोरायच्या आधी लिनोवर पातळ काळी शाई लावून घ्या आणि पूर्ण वाळल्यावर पांढऱ्या पेन्सिलीने चित्र काढा. काळी पेन्सिल हातात असेपर्यंत मन बाह्यरेषाच काढत राहतं. पांढरी घेतली की जे काढाल तेच कोराल आणि तेच पांढरं छापून येईल. फूल तोडू नका, फोटोवरून काम करा. कळलावीचा प्रत्येक भाग विषारी आहे, कंद तर फारच.

छाप आरशातल्यासारखा उलटा येतो, याचा फार बाऊ होतो. ट्रेसिंग पेपर पालथा घालून चित्र उतरवलं की प्रश्न मिटला. डिसेंबरात सकाळी लिनो कडक झाला तर थोडा वेळ उन्हात ठेवा.

शाईकडे मात्र लक्ष हवं. पांढऱ्या रेघेच्या छापात काळा भाग मोठा असतो, म्हणून तो गच्च यावा यासाठी रोलरवर शाई जास्त घेतली जाते. ती बारीक फटकाऱ्यांत उतरते आणि पाकळीच्या निमुळत्या टोकांवरचा उजेड पहिल्याच छापात बुजतो. शाईचे पातळ थर द्या, दोन-तीन वेळा, दर वेळी रोलरची दिशा बदलून. पावसाळ्यात तेली शाई वाळायला जास्त दिवस घेते, तेव्हा छाप एकमेकांवर न रचता दोरीवर टांगून ठेवा.