शून्य फॉस्फेटचा सल्ला आला कुठून?

जळगाव-भुसावळकडे रीफ टँकमधल्या (म्हणजे खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळांच्या टँकमधल्या) दगडांना शेवाळाचे हिरवे केस फुटले, की पहिला सल्ला ठरलेला असतो: शेवाळाचं खाद्य असलेलं फॉस्फेट शून्यावर आणा. सल्ला सरसकट खोटा नाही. पण तो ज्या टँकांसाठी निघाला त्यांतले दगड, मासे आणि पाणी यांपैकी काहीच आपल्याकडे तसं नव्हतं. शेवाळ आवरायची एकेक पद्धत आधीच्या पद्धतीची खोड काढायला आली, आणि प्रत्येकीने काहीतरी गृहीत धरलं होतं. खान्देशात पद्धती पोचल्या, गृहीतकं मागे राहिली.

सुरुवातीला समुद्र हाताशी होता. मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेलं मत्स्यालय काय, किंवा १९६० च्या दशकाच्या आरंभी इंडोनेशियातून गाजलेली ‘नैसर्गिक’ पद्धत काय, समुद्राचं पाणी रोज मिळेल हे तिथे न सांगता ठरलेलं होतं. १९८० च्या दशकात ट्रिकल फिल्टर आला. प्लास्टिकच्या गोळ्यांवरून पाणी ठिबकायचं, अमोनियाचं नायट्रेट झपाट्याने व्हायचं आणि तिथेच साचत जायचं. शेवाळाला दुसरं काय हवं? मग बर्लिनकडची रीत पसरली: गोळे काढून टाका, जिवंत दगड (समुद्रातले, जिवाणू वसलेले) घाला, तगडा स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) लावा. त्याच दशकात, १९८२ मध्ये, अमेरिकेत अल्गी टर्फ स्क्रबरचं पेटंट निघालं. शेवाळ मारण्यापेक्षा ते टँकबाहेर जाळीवर, दिव्याखाली वाढवायचं आणि आठवड्याला खरवडून फेकायचं, असा तो विचार. तो बराच काळ बाजूला पडला आणि २००८ च्या आसपास घरगुती रूपात परतला. आजही पोषकद्रव्यं टँकबाहेर काढायचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही. स्किमरला मिळणारा मान याला मिळत नाही एवढंच.

१९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रात डायाडेमा जातीचे काटेरी साळींदर (सी अर्चिन) रोगाने नव्वद टक्क्यांहून जास्त मेले आणि पाहता पाहता तिथले प्रवाळ शेवाळाखाली गेले. पाणी तेच होतं, खाणारे गेले होते. छंद म्हणून टँक ठेवणाऱ्यांनी यातून शिकायचं ते फार उशिरा शिकलं. ट्रोकस गोगलगायी, लहान अर्चिन, लॉनमोअर ब्लेनी मासा या शेवाळ खाणाऱ्यांचं काम कोणताही रासायनिक फिल्टर करत नाही. टर्बो गोगलगायी कामाला वाघ आहेत, पण मे महिन्यात टँक २९ अंशांच्या वर राहिला तर त्या टिकत नाहीत. सर्जनफिश घ्यायचा तर चार-पाच फुटी टँक लागतो, आणि आपल्याकडचे बहुतेक टँक १०० ते २०० लिटरचे.

खोल वाळूचा थर, कॉलर्पा आणि पुढे किटोमॉर्फा ही शेवाळं मुद्दाम वाढवलेलं रिफ्युजियम (टँकला जोडलेली वेगळी टाकी) ही १९९० नंतरची दशकभराची प्रकरणं. ती इथे नावाला आली. आपल्याकडे छंद रुजला तो त्यानंतरच्या काळात, आणि तोच नेमका शून्याचा काळ होता.

२००० नंतरच्या दशकात तीन गोष्टी जवळजवळ एकत्र आल्या. पहिली जीएफओ, म्हणजे फॉस्फेट धरून ठेवणारे लोह ऑक्साइडचे दाणे. दुसरी जर्मनीतून आलेली झिओलाइट (एक सच्छिद्र खनिज) वापरायची पद्धत. तिसरं कार्बन डोसिंग: व्होडका किंवा पांढरा व्हिनेगर घालून जिवाणू वाढवायचे, त्यांनी नायट्रेट-फॉस्फेट खायचं आणि स्किमरने त्यांना बाहेर काढायचं. व्होडकाची सुरुवात १०० लिटरला दिवसाला ०.१ मिलीने होते. व्हिनेगर साधारण आठपट लागतं. या तिन्हींनी पाणी काचेसारखं झालं, प्रवाळांचे रंग उजळले आणि त्या फोटोंखाली ‘नायट्रेट ०, फॉस्फेट ०’ असं लिहिलेलं असायचं. वाद इथून सुरू होतो.

त्या टँकांत मासे खचून भरलेले होते आणि दिवसातून पाच-सहा वेळा खाणं पडत होतं. पोषण एका बाजूने सतत येत होतं, दुसऱ्या बाजूने सतत जात होतं. पाणी तपासायच्या किटवर दिसणारं शून्य ही फक्त शिल्लक होती, आवक नव्हे. आपल्याकडे आकडा उचलला, आवक उचलली नाही. दीडशे लिटरच्या टँकमध्ये दोन क्लाउनफिश, एक गोबी, दिवसाला चिमूटभर दाणे आणि वर भरलेली जीएफओची रिअॅक्टर (दाण्यांतून पाणी फिरवणारं नळकांडं). तिथे शून्य म्हणजे खरंच उपासमार.

शिवाय किटवरचं शून्य दोन उलट अवस्थांत दिसतं. दगड हिरव्या केसांनी भरलेले असतील तर आलेलं फॉस्फेट पाण्यात राहतच नाही, शेवाळ ते आधीच ओढून घेतं. इथे आवक जास्त आहे आणि शून्य फसवं आहे. उलट दगड उघडे, वाळूवर तपकिरी शेंबडासारखे धागे, त्यांच्या टोकाला बुडबुडे, दिवसा वाढणारे आणि रात्री विरळ होणारे, असं असेल तर ते बहुधा डायनोफ्लॅजेलेट, थोडक्यात डायनो, हे सूक्ष्म एकपेशी जीव. तिथलं शून्य खरं आहे आणि तेच रोगाचं मूळ आहे. प्रतिस्पर्धी उपाशी मेले की डायनो मोकळ्या रानात पसरतात. दोन्ही ठिकाणी सल्ला मात्र एकच मिळतो: जीएफओ वाढवा. पहिल्या ठिकाणी तो अपुरा आहे, दुसऱ्या ठिकाणी घातक.

यात भर पडली १६:१ या गुणोत्तराची. समुद्रातल्या प्लवकांत नायट्रोजन आणि फॉस्फरसचे अणू साधारण या प्रमाणात असतात, हे निरीक्षण १९३४ पासूनचं. ते अणूंचं प्रमाण आहे. किटवर मिलिग्रॅममध्ये वाचल्या जाणाऱ्या नायट्रेट आणि फॉस्फेटचं हिशेबाने ते साडेदहास एक येतं. लोकांनी ते किटच्या आकड्यांना जसंच्या तसं लावलं, आणि वर ते साधलं की शेवाळ जातं असंही ठरवून टाकलं. तसं काही होत नाही. नायट्रेट ५० आणि फॉस्फेट ५ हेही जवळपास त्याच प्रमाणात बसतं, आणि तो टँक हिरवागार असतो. आणखी एक गोंधळ मीटरचा: काही फोटोमीटर फॉस्फेट नव्हे तर फॉस्फरस पीपीबीत (अब्जांशांत) दाखवतात. तो आकडा ३.०६६ ने गुणून हजाराने भागल्यावर फॉस्फेट मिलिग्रॅममध्ये मिळतं.

२०१५ नंतर वारं फिरलं. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१० मिलिग्रॅम प्रति लिटर ही पट्टी बहुतेकांनी मान्य केली. डायनो असलेल्या टँकमध्ये आता पोषण उलट घातलं जातं. यासाठी परदेशी बाटल्या विकत मिळतात, पण खान्देशात त्याची गरज नाही. केळीच्या ठिबकला सोडलं जाणारं तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि शून्य-बावन्न-चौतीस म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. सूक्ष्म अन्नद्रव्यं न मिसळलेली, रंग नसलेली पुडी बघून घ्यायची. २०० लिटरमध्ये नायट्रेट २ ने वाढवायला तेरा-शून्य-पंचेचाळीस ०.६५ ग्रॅम पुरतं. फॉस्फेटसाठी शून्य-बावन्न-चौतीस १ ग्रॅम एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवायचं. त्यातले साडेआठ मिली २०० लिटरला ०.०३ ची वाढ देतात. पहिले काही दिवस दगड ते शोषून घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य दिसतं, म्हणून रोज मोजून रोज घालावं लागतं. एकदम मोठा डोस देऊन मोकळं होता येत नाही.

डायनो कोणते हेही सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावं, ४०० पट पुरेसं होतं. ऑस्ट्रिओप्सिस प्रकारचे डायनो रात्री पाण्यात सुटतात, त्यामुळे १०-१२ लिटरला १ वॅट या हिशेबाने लावलेला यूव्ही दिवा त्यांना पकडतो. अँफिडिनियम वाळूतच बसून राहतात, यूव्ही त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

आता दगड. प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये २००१ साली झाला. समुद्रातून काढलेला, प्रवाळ चिकटलेला जिवंत दगड त्यामुळे बाद झाला. शोभेचा म्हणून विकला जाणारा मेलेला प्रवाळही त्याच कायद्यात येतो, हे अजून पुष्कळांना माहीत नसतं. निर्णय रास्तच होता. पण बर्लिनच्या पद्धतीचा पायाच जिवंत दगड होता, आणि इथे उरला कोरडा किंवा सिमेंट-शिंपल्यांचा घरी केलेला दगड. सिमेंटचा दगड पाण्यात सहा-आठ आठवडे ठेवून, पाणी बदलत पीएच खाली आणावा लागतो. कोरड्या दगडावर शेवाळाशी जागेसाठी भांडणारं काहीच नसतं, आणि जुना वापरलेला दगड असेल तर त्यात मुरलेलं फॉस्फेट महिनोन्महिने झिरपत राहतं. असा दगड टँकमध्ये टाकण्याआधी अंधाऱ्या ड्रममध्ये खाऱ्या पाण्यात, पंप चालू ठेवून दोन-तीन महिने पिकवावा आणि फॉस्फेट तिथेच मोजत राहावं. नव्या टँकला आधी तपकिरी डायटम, मग हिरवे केस, मग लालसर सायनो (सायनोबॅक्टेरिया) असे पाहुणे येतातच. त्या प्रत्येकाला वेगळं औषध देत बसलं तर दगड कधीच पिकत नाही.

खान्देशात शेवाळाची सगळ्यात मोठी आवक मात्र टॉप-अपच्या, म्हणजे उडालेल्याच्या जागी भरायच्या, पाण्यातून होते, आणि बाहेरून आलेल्या मार्गदर्शनात याला एका ओळीपलीकडे जागा नसते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास, हवा कोरडी आणि टँकवर पंखा. २०० लिटरच्या टँकमधून रोज ५ लिटर पाणी सहज उडतं. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागे राहतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. त्या मर्यादेच्या काठावरचं, तरी प्यायला चालणारं बोअरचं पाणी महिनाभर भरलं तर १५० लिटर जातं आणि टँकमधलं नायट्रेट ३४ ने वाढतं. खतांचा मारा असलेल्या बागायती पट्ट्यातल्या काही विहिरींचं पाणी ती मर्यादा ओलांडतं, तिथे हिशेब आणखी वाईट. शेतातलं तेरा-शून्य-पंचेचाळीस विहिरीवाटे टँकमध्ये येतं आणि आपण जीएफओ विकत आणतो.

घरचा आरओ बसवला की काम झालं असं नाही. घरगुती यंत्रात चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळणारा टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. तो पूर्ण बंद करावा किंवा नळी मेम्ब्रेननंतर लगेच फोडून घ्यावी. पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार धरणारे दाणे) लावून टीडीएस ० यायला हवा. मीटर ० दाखवत असतानाही काचेवर तपकिरी थर येत राहिला तर रेझिन संपत आलंय असं समजावं. काळ्या पाषाणातून आलेल्या पाण्यात तपकिरी डायटमला लागणारी सिलिका मुबलक असते, रेझिनमधून सगळ्यात आधी तीच निसटते, आणि टीडीएस मीटरला ती दिसत नाही. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर मोजल्याशिवाय वापरू नये. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी तर नकोच, त्यात तांबं उतरतं आणि गोगलगायी, कोळंबी मरतात. खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होते आणि टँकवरचा पंखा निरुपयोगी ठरतो. पाणी कमी उडतं, पण तापमान चढतं आणि सायनो माजतो.

२००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत कार्बन डोसिंग करणाऱ्यांचं नुकसान जास्त झालं. वाढवलेले जिवाणू रात्री ऑक्सिजन खातात, पंप आणि स्किमर बंद, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी. सकाळी मासे वरती धापा टाकताना दिसायचे. जे मेलं ते दगडाआड कुजायचं आणि शेवाळ आठवडाभराने उगवायचं, त्यामुळे कारण कुणाच्या ध्यानात यायचं नाही. वीज आजही तासन्‌तास जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप आधी आणि व्होडका मग.

अलीकडचा टप्पा औषधांचा. हायड्रोजन पेरॉक्साइडचा डोस ४० लिटरला दिवसाला १ मिली असा सांगतात, तो ३ टक्क्यांच्या द्रावणाचा. आपल्या मेडिकलमध्ये मिळणारी बाटली ‘२० व्हॉल्यूम’ म्हणजे ६ टक्क्यांची असते, म्हणून मात्रा निम्मी. क्लीनर श्रिंप असेल तर तेवढीही नको. दगड बाहेर काढून त्यावर लावावं, पाच मिनिटांनी खाऱ्या पाण्यात धुवावं. ब्रायोप्सिस या चिवट शेवाळावर २०१६-१७ च्या सुमारास बुरशीचं औषध फ्लुकोनाझोल रूढ झालं: लिटरला ५ मिलिग्रॅम, म्हणजे २०० लिटरला १५० मिलिग्रॅमच्या जवळपास सात कॅप्सूल. फिल्टरमधला सक्रिय कार्बन (कोळसा) आणि जीएफओ काढून ठेवायचे, स्किमरचा कप काढायचा, दोन-तीन आठवडे पाणी बदलायचं नाही. आधी ब्रायोप्सिसची पिसासारखी फांदी दिसते का ते बघावं. साध्या केसाळ शेवाळावर याचा भरवसा नाही. मेलेलं ब्रायोप्सिस हाताने उपटून बाहेर काढावं लागतं, नाहीतर त्यातलं सगळं पाण्यात परत जातं. आणि टॉप-अप तेच बोअरचं राहिलं तर मोकळ्या झालेल्या दगडावर महिन्याच्या आत हिरवे केस येतात, ज्यांना फ्लुकोनाझोल बहुधा काही करत नाही.