पाण्यातल्या झाडाची भूक

ऐरोलीच्या भाच्याने काही आठवड्यांपूर्वी एका रात्री माशांच्या टँकचा फोटो पाठवला. दोन फुटी टँक, आणि आतल्या सगळ्या झाडांवर काळपट हिरवं, केसासारखं शेवाळ. खाली मेसेज, "मामा, दुकानदाराने सांगितलं म्हणून दुसरी एलईडी पण लावली, तरी झाडं मरतायत, आता खत टाकू का?" मी लगेच फोनच केला, कारण हे टाइप करून सांगण्यासारखं नव्हतं, आणि अर्धा पाऊण तास बोलल्यावर वाटलं की हे सगळ्यांसाठीच लिहून काढावं. माझ्या ओळखीत ज्यांच्या घरी टँक आहे त्यातल्या बहुतेकांचं असंच झालंय, झाड पिवळं पडलं की लाइट वाढवायचा, मग खत टाकायचं, मग शेवाळ आलं की वैतागून सगळं उपटायचं आणि प्लास्टिकची झाडं आणून लावायची.

शाळेतला हायड्रिलाचा, म्हणजे तळ्यात वाढणाऱ्या त्या पाणवनस्पतीचा, प्रयोग आठवतोय? चंचुपात्रात हायड्रिलाच्या काड्या, त्यावर उलटं नरसाळं, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी, आणि सगळं उन्हात ठेवायचं. बुडबुडे वर चढायला लागले की सर म्हणायचे हा ऑक्सिजन. पण त्या पाण्यात आधी चिमूटभर खायचा सोडा टाकायचे, तो का टाकायचे हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. टँकमधल्या झाडांचं जवळजवळ सगळं दुखणं त्या चिमटीत आहे. ऊन होतं, पाणी होतं, झाड होतं, तरी बुडबुडे जोरात यावेत म्हणून वरून कार्बन द्यावा लागत होता. झाड वाळवून तोललं तर साधारण 40 टक्के वजन नुसत्या कार्बनचं भरतं, आणि हा कार्बन खतातून येत नाही, तो कार्बन डायॉक्साइडमधून येतो.

आता मला जी गोष्ट सगळ्यात भारी वाटते ती. लोकांना वाटतं की पाण्यात कार्बन डायॉक्साइड कमी असतो. तसं नाहीये. बाहेरच्या हवेत तो सध्या दहा लाखात 420 च्या आसपास भाग आहे, म्हणजे एक लिटर हवेत अंदाजे पाऊण मिलिग्रॅम. आणि त्याच हवेखाली उघडं ठेवलेलं एक लिटर पाणी घेतलं तर त्यात अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा थोडा जास्त विरघळलेला असतो. फरक काही फार नाही. मग गॅलरीतली तुळस मजेत वाढते आणि टँकमधलं झाड का कुढतं? तर चालण्याच्या वेगामुळे. पाण्यात कार्बन डायॉक्साइडचा रेणू हवेतल्यापेक्षा सुमारे 10 हजार पट हळू पसरतो. हवेत एक मिलिमीटर सरकायला त्याला सेकंदाचा साधारण तिसावा भाग पुरतो, स्थिर पाण्यात तेवढ्याच अंतराला सरासरी 4 मिनिटं लागतात. आणि याचं गणित सरळ नाही, अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो, म्हणून एक सेंटिमीटर जायला त्याला 7 तासांच्या आसपास लागतात! तेवढ्यात तुमच्या लाइटचा टायमर बंदही होतो.

मग तुम्ही म्हणाल फिल्टर चालू आहे की, पाणी फिरतंय की. फिरतंय, पण पानाला अगदी चिकटून असलेला पाण्याचा एक पातळ थर जवळपास हलत नाही. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असू शकतो तो, पण पानासाठी तेवढाही पुष्कळ. पान समोरचे रेणू खाऊन टाकतं आणि नवे त्या थरातून रांगत येईपर्यंत वाट बघत बसतं. म्हणजे झाड गोड्या पाण्यात बुडालेलं असून उपाशी असतं. प्रवाह थोडा वाढवला की हा थर अजून पातळ होतो, म्हणून फिल्टरच्या तोंडासमोरचं झाड कोपऱ्यातल्या झाडापेक्षा बरं दिसतं. तुमच्या टँकमध्ये आत्ता जाऊन बघा.

याचा उलटा पुरावा बघायचा असेल तर उल्हास नदीवरची जलपर्णी बघा. तिची मुळं पाण्यात, पण पानं हवेत. खत नदीतल्या सांडपाण्यातून फुकट आणि कार्बन हवेतून सुसाट, म्हणून बघता बघता पात्र झाकून जातं. मनीप्लांटची मुळं टँकमध्ये सोडली की तो बहरतो आणि शेजारचं बुडालेलं झाड कोमेजतं, त्याचंही कारण हेच.

पण बुडून राहणाऱ्या झाडांनीही हार मानलेली नाही, आणि त्यात आपली हायड्रिला म्हणजे कमाल आहे. पाण्यात कार्बन दोन रूपांत मिळतो, एक मोकळा कार्बन डायॉक्साइड आणि दुसरा बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याच्या सोड्यातला. बायकार्बोनेट बऱ्याच पाण्यात कितीतरी जास्त असतो पण तो प्रत्येक झाडाला खाता येत नाही. टँकमध्ये लावतात त्यातल्या कॅबोम्बाला येत नाही, मॉसला येत नाही. हायड्रिलाला येतो, वॅलिस्नेरियाला पण येतो. हायड्रिला काय करते तर पानाच्या खालच्या बाजूने आम्ल, म्हणजे प्रोटॉन, बाहेर ढकलते, त्या आम्लाने तिथल्या बायकार्बोनेटचा कार्बन डायॉक्साइड होतो आणि तो ती आत ओढते. हिशोब जुळवायला वरच्या बाजूने हायड्रॉक्साइड बाहेर सोडावा लागतो. म्हणजे कागदाइतक्या पातळ पानाची एक बाजू आंबट आणि दुसरी साबणासारखी अल्कधर्मी, वरच्या बाजूचा पीएच 10 पर्यंत जाऊ शकतो.

हे घरी दिसतं. आमच्या सोसायटीत मे महिन्यात बोअरिंगचं पाणी मिसळतात, त्या दिवसांत माझ्या हायड्रिलाच्या पानांवर वरच्या बाजूला पांढुरकी पूड बसते. बोटांत चोळली की खरखरते. एक पान काढून बशीत ठेवलं आणि वर व्हिनेगरचा थेंब टाकला तर बारीक फेस आला. तो चुना, कॅल्शियम कार्बोनेट, पीएच चढल्यामुळे पानावरच जमलेला. मी ते पान भिंगाखाली धरून घरातल्या प्रत्येकाला दाखवलं.

आणि अजून एक आहे, इथे जरा नेट धरून वाचा. कार्बन पकडणारं जे एन्झाइम आहे, रुबिस्को, ते कार्बन डायॉक्साइडऐवजी चुकून ऑक्सिजनही पकडतं, आणि तसं झालं की झाडाने कमावलेला कार्बन उलट वाया जातो. पाणी जितकं गरम आणि ऑक्सिजन जितका जास्त तितक्या चुका जास्त. दाट झाडांच्या टँकमध्ये दुपारी नेमकं हेच होतं, कार्बन संपलेला, ऑक्सिजन भरलेला, आणि ठाण्याच्या मे महिन्यात पाणी 31-32 अंशांवर. ऊस, मका, ज्वारी यांनी यावर उपाय काढलाय तो सी-फोर पद्धत म्हणून शिकलेला असतो, एका पेशीत कार्बन आधी मॅलेटसारख्या आम्लात बांधून ठेवायचा आणि शेजारच्या दुसऱ्या पेशीत नेऊन रुबिस्कोच्या समोर मोकळा करायचा, म्हणजे तिथे ऑक्सिजनचं काही चालत नाही. हायड्रिला हेच काम एकाच पेशीत करते, बांधायचं पेशीच्या द्रवात आणि सोडायचं हरितलवकात, आणि तेही गरज पडली तरच. थंड, मोकळ्या पाण्यात ती साधी सी-थ्री, म्हणजे कार्बन थेट रुबिस्कोला देणारी असते, उन्हाळ्यात गर्दी झाली की सी-फोर होते. तलावातून उपटून फेकतात त्या झाडात हे सगळं चालू असतं.

आता भाच्याच्या शेवाळाकडे येऊ. त्याच्या झाडांना कार्बन जेवढा मिळत होता तेवढ्याला पहिलीच एलईडी पुरेशी होती. दुसरी लावली तेव्हा झाडांनी तो उजेड वापरलाच नाही, कारण अडलं होतं भलतीकडेच. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगच्या नावाने ओळखला जाणारा नियम हाच, जी गोष्ट सगळ्यात कमी तिच्यावर वाढ अडते, बाकीच्या कितीही ओता. शेवाळाचं तसं नाही. त्याचा धागा इतका बारीक की भोवतीचा स्थिर थरही पातळ, आणि आकाराच्या मानाने पृष्ठभाग प्रचंड, म्हणून त्याला थोडक्या कार्बनवर भागवता येतं आणि उरलेला सगळा उजेड त्याचाच. झाडांसाठीचा म्हणून जो गुलाबी जांभळा महाग लाइट विकतात त्याने पण यात काही फरक पडत नाही, साधा पांढरा एलईडी चालतो, झाडं हिरवा उजेडसुद्धा बऱ्यापैकी वापरतात.

दुसरी चूक त्याची नव्हती. दुकानातली बरीच झाडं नर्सरीत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. त्यांची पानं हवेची, जाड, वरून मेणाचा थर. टँकमध्ये लावली की आठ पंधरा दिवसांत ती वितळतात आणि माणूस म्हणतो मेलं. मेलेलं नसतं. मूळ किंवा खोड कडक असेल तर थांबा, सडलेली पानं कापून टाका, नवी येतील ती पातळ, मऊ, पाण्याची पानं असतील. क्रिप्टचं, म्हणजे क्रिप्टोकोरिन या टँकमधल्या झाडाचं, तर असं पाणी बदललं तरी होतं.

आणि फोन ठेवता ठेवता त्याने विचारलंच, मागच्या आठवड्यात दोन मासे गेले, आजी म्हणाली घरावरचं संकट माशांनी घेतलं, आणि ग्रुपवर कोणीतरी टाकलं की झाडं रात्री ऑक्सिजन खातात म्हणून मासे मेले. झाडं रात्री श्वास घेतात हे खरंय, दिवसाही घेतात, पण पाण्याचा पृष्ठभाग हलत असेल तर साध्या टँकमध्ये त्याने मासे मरत नाहीत. आठ सोनेरी एक काळा मासा ठेवा असं सांगणारे लोक दोन फुटांत नऊ गोल्डफिश कोंबायला लावतात आणि मग स्वतःच्याच अंगातून निघणाऱ्या अमोनियाने ते मरतात, त्याला संकट वगैरे नाव देऊन खरं कारण झाकलं जातं. मला याचा मनापासून राग येतो, कारण त्यात जीव जातो आणि कोणी काही शिकत नाही. भाच्याने मासे नवेच आणले होते, फिल्टर त्याच दिवशी धुतला होता तोही नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली, म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू गेले. फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

मग करायचं काय? सिलिंडर लावून कार्बन डायॉक्साइड देता येतो, लिटरला 20 ते 30 मिलिग्रॅमपर्यंत, त्याच्या वर मासे तळमळायला लागतात, आणि लाइटबरोबर तो पण बंद व्हायला हवा. साखर, यीस्ट आणि दोन लिटरची बाटली घेऊनही होतं पण ते रात्री थांबवता येत नाही, म्हणून लहान टँकला मी नको म्हणतो. नवशिक्याने भूक कमी असलेली झाडं घ्यावीत, अनुबियास आणि जावा फर्न लाकडाला बांधून, त्यांचं आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, नाहीतर सडतं. मागे वॅलिस्नेरिया. 1850 मध्ये लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने झाडं आणि मासे एकमेकांच्या आधाराने राहतात हे दाखवलं ते दोन गोल्डफिश आणि याच वॅलिस्नेरियावर, आणि सडकी पानं पाणी घाण करायला लागली तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या. त्यामुळे टँकमध्ये गोगलगाय दिसली की मारू नका.

भाच्याला मी एवढंच करायला लावलं: दुसरी एलईडी काढली, लाइट सकाळी 3 तास आणि संध्याकाळी 3 तास, मधे बंद, म्हणजे माशांच्या आणि वाळूतल्या जिवाणूंच्या श्वासातून तेवढ्या वेळात कार्बन परत साठतो. शेवाळ हाताने ओढून काढलं, दर रविवारी चौथा हिस्सा पाणी बदललं, फिल्टरचं तोंड झाडांकडे वळवलं. खत अजून नाही, नवी पानं पिवळी आली तर लोह आणि जुन्या पानांना भोकं पडली तर पोटॅशियम, तेव्हा बघू. काल त्याचा फोटो आला, वॅलिस्नेरियाने वाळूखालून धावतं खोड सोडलंय आणि टोकाला बोटभर नवं रोप उभं आहे.